बगळाछाप

जोब जिन्यात भेटला आणि त्याच्या अंगाला टर्पेंटाइनचा वास नव्हता. झालं ते एवढंच. मातार न्जाय बगलेत फायली घेऊन नोंदणी कचेरीचा जिना चढत होता, वरून उसैनू जोब उतरत होता, आणि मधल्या वळणावर दोघं समोरासमोर आले. जोब पाट्या रंगवायचा. न्हाव्यांच्या दुकानांवरची डोकी, होड्यांच्या नाकाडावरचे डोळे, शिंप्यांच्या दारांवरच्या कात्र्या, बंदराजवळच्या हाफ डाय वस्तीत जे जे रंगवलेलं होतं ते त्याच्या हातचं. त्यामुळे जोबच्या आधी जोबचा वास यायचा. आज साबणाचा वास आला, त्यामागून इस्त्रीचा पांढरा झगा आणि त्या झग्यात जोब. "बाजूला हो रे गुलामा," तो म्हणाला, "मालक उतरतोय, दिसत नाही?" "मालक!" मातार सवयीने म्हणाला. "झगा कुणाच्या दोरीवरून उचललास ते सांग आधी, चोरा." दोघं हसले. जोब भिंतीला अंग घासत खाली गेला. मातार दोन-चार पायऱ्या चढला आणि थांबला. जोब हसला होता खरा, पण घाईने हसला होता. शिवाय त्याने मातारच्या खिशात हात घातला नव्हता. भेटला की जोब त्याच्या खिशात हात घालायचाच. असेल ती चिल्लर काढून घ्यायचा, चिल्लर नसेल तर पेन. आज पेन जागच्या जागी होतं. मातारने ते चाचपून पाहिलं, आणि बरं वाटायच्या ऐवजी त्याला कसंतरीच वाटलं.

न्जाय आणि जोब या दोन आडनावांचं हे असंच. कुणी सुरू केलं, कधी केलं, कुणाला ठाऊक नाही. न्जायने जोबला चोर म्हणायचं, खादाड म्हणायचं, जोबने न्जायला गुलाम म्हणायचं. ओळख असो नसो, वयाने कुणी कितीही मोठा असो, रागवायचं मात्र नाही. जो रागावला तो हरला, आणि मग त्याचं गावभर हसं. पोलीस चौकीत, दवाखान्याच्या रांगेत, मयताच्या घरीसुद्धा हे चालतं. मातारचा बाप गेला तेव्हा जनाजा उचलला आणि जोब फाटकात आडवा बसला. "हा माझा गुलाम. मला न विचारता कुठे निघाला?" म्हणून त्याने आरडाओरडा केला. बायका रडता रडता हसल्या. मातारने त्याच्या हातात काहीतरी कोंबलं, तेव्हा तो उठला, आणि खांदा द्यायला सगळ्यांच्या पुढे तोच होता. कबरीवर माती टाकून झाल्यावर जोब भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभा होता. मातारला तेव्हा वाटलं होतं की बापाच्या जाण्याने आपल्यापेक्षा या माणसाचं जास्त गेलं. आता जिन्यात उभं राहून ते आठवताना त्याला वेगळंच वाटलं. भिंतीकडे तोंड केलेला माणूस रडतो आहे हे आपण कशावरून धरलं? कुणी चेहरा पाहिला होता?

वर नोंदणी अधिकारी कुम्बा सारबाईंच्या टेबलावर कागद पडलेले होते. त्या स्वतः मागच्या कपाटात डोकं घालून काहीतरी शोधत होत्या. या धंद्यात पहिली विद्या कुठली यायला हवी, तर समोरच्याच्या टेबलावरचे कागद उलटे वाचायची. मातारला ती केव्हाच आली होती, इतकी की सरळ कागद वाचताना त्याला कधीकधी चुकल्यासारखं व्हायचं. सगळ्यात वरच्या अर्जावर बगळा होता. डोक्यावर उभा असलेला, एक पाय आभाळात. मातारने मनातल्या मनात कागद फिरवला, तसा बगळा एका पायावर उभा राहिला, मान थोडी वाकडी, चोचीच्या टोकाला ठिपका. आईचा बगळा. आई विकायची त्या धुपाच्या डब्यावरचा. आणि अर्जदाराच्या रकान्यात: उसैनू जोब, पाट्या रंगवणार. सारबाई वळल्या आणि त्यांनी तो कागद पालथा घातला. त्यांनी तो नेहमीच्या सवयीने पालथा घातला की आपल्यापासून लपवला, हे मातारला कळेना. "बसा ना," त्या म्हणाल्या. "आज काय आणलंय? परत शाम्पू?" शाम्पूच होता.

मातार मिसेस रेनर यांच्या वकिली कचेरीत कामाला होता. परदेशच्या कंपन्या तिथे आपापली चिन्हं आणि शोध पाठवायच्या आणि मातार ती या देशात नोंदवायचा. देश एवढासा, एका टोकाला नदी आणि दुसऱ्या टोकालाही तीच नदी. पण कंपन्यांना नकाशावरचं एकही ठिगळ मोकळं सोडवत नाही. काडेपेट्या, विजेचे दिवे, पोटदुखीच्या गोळ्या. मध्ये एकदा रुळांवर पडलेला बर्फ आपोआप वितळवणाऱ्या यंत्राचं पेटंट आलं होतं. देशात रेल्वे नाही, आणि बर्फ लोक मासळीवर घालतात. मातारने तेही नीट नोंदवलं. त्याचं खरं काम म्हणजे दोन चित्रं शेजारी ठेवून बघत बसायचं. हा सिंह आणि तो सिंह. हा तारा आणि तो तारा. एकाला बघून दुसऱ्याची आठवण येते का? घाईतलं गिऱ्हाईक फसेल का? वर्षानुवर्षं हे करून त्याच्या डोळ्यांना तीच खोड लागली होती. बारशाला गेला की तो मुलाचं तोंड आणि बापाचं तोंड शेजारी ठेवून बघायचा. बायकोच्या कालच्या हसण्याशेजारी आजचं हसणं ठेवायचा. "असा काय बघतोस?" हादी एकदा वैतागून म्हणाली होती. "मी काय साबण आहे?"

ते बघणं आता जोबवर जाऊन बसलं. जोबची चाळीस रूपं त्याने आठवून आठवून ओळीने मांडली. बगळा जोबनेच काढला होता, मातार शाळेत असताना, आईच्या पहिल्या डब्यासाठी. मोबदल्यात त्याने पोटभर मासेभात खाल्ला होता आणि परातीतली खरवड घरी नेली होती. तेव्हापासून डबे बदलले, बगळा नाही बदलला. अल्बर्ट मार्केटमध्ये बायका नाव विचारत नाहीत, "बगळाछाप आहे का?" म्हणतात; बाळंतिणीच्या खोलीत, नवरीच्या कपड्यांत, जुम्म्याच्या आदल्या संध्याकाळी, धूप म्हणजे बगळाछाप. त्या धुपावर मातार शिकला, घराचं छप्पर पत्र्याचं झालं, बापाचं आजारपण निघालं. आणि हे चिन्ह कुणाच्या नावावर नव्हतं. जगभरच्या शाम्पूंना मालक होते, आईच्या बगळ्याला नव्हता. त्यामुळे ज्याने आधी अर्ज टाकला त्याचा तो होणार होता. उद्या जोबला प्रमाणपत्र मिळालं की तो आईच्या दारात येऊन म्हणू शकत होता, बाई, हा बगळा डब्यावरून काढा, नाहीतर मला विचारून लावा. आई आता सत्तरीला आली होती. या वयात ती कुठला दुसरा पक्षी शोधणार?

आपण सरळ विचारावं, असं त्याला आठवडाभर वाटत राहिलं, आणि आठवडाभर तो टाळत राहिला. जोबला सरळ विचारायचं म्हणजे काय? त्याच्याशी सरळ बोलायची वाटच नव्हती. लहानपणापासून दोघांमध्ये एकही वाक्य असं गेलं नव्हतं ज्यात चोर किंवा गुलाम नव्हता. वाळवंटाकडून धूळ येत होती त्या दिवसांत, नदीचा पलीकडचा काठ दिसत नव्हता, फेरीबोट भोंगा वाजवत अंदाजाने यायची. शेवटी एका दुपारी तो होड्यांच्या कारखान्यावर गेला. जोब एका नव्या होडीच्या नाकाडाखाली उकिडवा बसून डोळा रंगवत होता. आता त्याच्या अंगाला टर्पेंटाइनचा वास येत होता, पण मातारला तो मुद्दाम लावल्यासारखा वाटला. डेंबो सुतार निखाऱ्यांवर हिरवा चहा उकळत होता, आजूबाजूला चार माणसं फळ्यांवर पसरली होती.

"आला, आला," जोब न वळताच म्हणाला. "चहा झाकून ठेव रे डेंबो. न्जाय आला की किटली रिकामी."

"तुझ्या पोटाला उरलं तर आम्हाला मिळणार ना," मातार म्हणाला आणि फळीच्या कडेला बसला. "जोब, त्या दिवशी कचेरीत काय काम काढलं होतंस?"

"तुला विकायला काढलंय. किंमत लावून घ्यायला गेलो होतो. फुकटसुद्धा कुणी घेईना."

"खरं विचारतोय मी."

"डेंबो, ऐकलंस? न्जायला आज खरं हवंय. तुझ्याकडे असलं तर दे त्याला थोडं उसनं."

सगळे हसले. हसण्याच्या आड लपता येतं, हे मातारच्या आजवर कसं लक्षात आलं नव्हतं? "आईचा बगळा," तो म्हणाला, आणि आपला आवाज वर गेलाय हे त्याला ऐकू आलं. "तू तो स्वतःच्या नावावर करायला टाकलायस. मी कागद पाहिलाय."

कुंचला थांबला. जोबने मातारकडे पाहिलं नाही, होडीच्या अर्धवट डोळ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मग एकदम मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "हो, चोरला! न्जायचं चोरायला जोबला काय परवानगी लागते? गुलामाचं जे जे, ते मालकाचं. बगळा माझा, डबे माझे, तुझं घर माझं, तुझी आईसुद्धा माझीच. एक तू तेवढा नको, तुला ठेव तुझ्याकडेच." डेंबोच्या हातून हसता हसता चहा सांडला. आता मातारची पाळी होती. काहीतरी चोख बोलायला हवं होतं, जोबच्या बापाला, आजाला, पोटाला. सगळे तोंडाकडे बघत वाट पाहत होते. तो हसला, पण इतरांचं हसून झाल्यावर हसला, आणि चहाचा दुसरा उकळा यायच्या आत उठून चालू लागला. "अरे, रागावला की काय!" मागून कुणीतरी म्हणालं.

त्या मधल्या क्षणाला तो पुन्हापुन्हा जाऊन धडकला. उघडून मिटलेलं तोंड. निर्दोष माणूस तोंड उघडतो तेव्हा बोलतो. मिटतो तो कशाला? रस्त्याने जाताना, बसमध्ये, पावाच्या दुकानासमोर उभं असताना मातार ते तोंड समोर ठेवून बघत राहिला. एवढी वर्षं हा माणूस चारचौघांत सांगत आला होता की तुझं सगळं माझं आहे, आणि आपण हसत आलो. याच्याइतका हुशार चोर कोण, जो वर्षानुवर्षं आधीच सांगून ठेवतो? एकदा बापाचा रेडिओ त्याने असाच उचलून नेला होता, "मालकाला बातम्या ऐकायच्यात" म्हणून. सगळे हसले होते. रेडिओ परत आला होता का? आला असावा. नक्की आला होता का? मातारला रेडिओ आठवत होता, रेडिओवरचं क्रोशाचं झाकण आठवत होतं, परत आलेला रेडिओ मात्र डोळ्यांपुढे येईना.

जुम्म्याला तो आईकडे गेला तेव्हा तिला सांगायचंच असं ठरवून गेला. आई अंगणात चटईवर बसून डब्यांना चिठ्ठ्या चिकटवत होती. तिची भाची मारेम शेजारी खळीचं भांडं धरून होती. मारेम विधवा होऊन आली तेव्हापासून आईच्या हाताखालीच होती. चिठ्ठ्यांवरचे शंभर बगळे उन्हात वाळत पडले होते.

"तोंड का असं झालंय तुझं?" आईने विचारलं.

"धूळ आहे."

"धूळ सगळ्यांच्याच तोंडावर आहे. जोब भेटतो का रे तुला?"

मातार दचकला. "का?"

"का म्हणजे? बऱ्याच दिवसांत जेवायला आला नाही. भात उरतो."

तिने हे सहज विचारलं. की सहज नव्हतं? मारेमने खळीत बोट फिरवायचं थांबवलं होतं. मातारला वाटलं, आई किती साधी आहे, तिला पायाखालची जमीन सरकतेय तेही माहीत नाही. "आई, बगळा कुणाचा गं?" त्याने विचारलं. आईने त्याच्याकडे निरखून पाहिलं, आणि म्हणाली, "तुला भूक लागलीय. मारेम, वाढ त्याला." जेवताना त्याने ठरवलं की तिला काही सांगायचं नाही. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या कोनाड्यात दिसत होत्या. सगळं आपण निस्तरू आणि मगच तिच्या कानावर घालू. या विचाराने त्याला एकदम फार बरं वाटलं, खूप दिवसांनी तो पोटभर जेवला.

अर्जाची जाहिरात छापून आली. कुणाला हरकत असेल त्याने मुदतीत सांगावं, असा कायदा. मातारने हरकत स्वतःच्या नावाने टाकायची ठरवली. आईने एवढी वर्षं धूप विकल्याचे पुरावे म्हणजे काय होते? बाजारातल्या बायकांची तोंडं. त्यांना कचेरीत आणलं असतं तर त्या आल्याही असत्या, पण मग आईला कळलं असतं. आणि बगळा जोबच्याच हातचा होता, हे जोब एका वाक्यात सांगणार. मातारला काहीतरी पक्कं हवं होतं. ते त्याच्याकडे होतं. त्याने लिहिलं: अर्जदाराने होड्यांच्या कारखान्यावर, पाच माणसांसमोर, स्वतःच्या तोंडाने कबूल केलं की सदर चिन्ह आपण चोरलं आहे, आणि न्जाय कुटुंबाचं जे काही आहे ते आपलंच आहे असा दावा केला. वाक्य लिहून झाल्यावर त्याने ते परत वाचलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. साक्षीसाठी तो डेंबो सुताराकडे गेला, तर डेंबो कागदाकडे बघत राहिला. "हे असं लिहायचं असतं?" त्याने विचारलं. "तो म्हणाला की नाही म्हणाला?" "म्हणाला तर. तो तर रोजच म्हणतो." "मग?" डेंबोने रंधा उचलला. "मला लिहिता येत नाही," तो म्हणाला. मातारने त्याला पावत्यांवर सही करताना शंभरदा पाहिलं होतं. तोही जोबला सामील, त्याने मनाशी नोंद केली.

मिसेस रेनर यांनी चष्मा वर सारून निवेदन वाचलं. त्यांचं घराणं फ्रीटाउनहून आलेलं, त्यांच्यात हे न्जाय-जोब काही नाही, पण जन्म याच गावात गेला होता. "कायद्याने भक्कम आहे," त्या म्हणाल्या. "तोंडी कबुली, माणसांदेखत. मातार, एक विचारू? तो चिडवत होता का?"

"चिडवायच्या नावाखालीच तर हे चाललंय, मॅडम."

"मी वकील म्हणून नाही विचारत."

"काम ते काम," मातार म्हणाला. मिसेस रेनर यांनी कागद परत दिला, आणि देताना तो क्षणभर धरून ठेवला.

सुनावणीच्या दिवशी खोलीत तिघंच होते. सारबाई, जोब आणि मातार. पंखा फिरत होता आणि प्रत्येक फेऱ्यात एकदा कुरकुरत होता. जोब पुन्हा तोच पांढरा झगा घालून आला होता. दारातच म्हणाला, "काय रे गुलामा, मालकाला कचेरीत खेचलंस होय?" आणि खुर्चीत ऐसपैस बसला. त्याला अजून गंमतच वाटत होती. सारबाईंनी निवेदन मोठ्याने वाचायला घेतलं. पहिले परिच्छेद आईच्या धंद्याचे, जोब मान हलवत ऐकत होता, खरंच आहे, खरंच आहे. मग कबुलीचं वाक्य आलं. सारबाईंनी ते अर्ध्यापर्यंत वाचलं आणि त्यांना हसू आलं. त्यांनी तोंडाला हात लावला, मातारकडे पाहिलं, आता हाही हसेल म्हणून थांबल्या. मातार हसला नाही. त्याने नजर कागदावर ठेवली होती, सरळ कागदावर, आणि तो त्याला उलटा असल्यासारखा दिसत होता. कुठे ठेवावं ते न कळून सारबाईंचं हसू मावळलं. "तुमचं आडनाव न्जाय," त्या हळू म्हणाल्या. "हो." "आणि यांचं जोब." "हो." पंखा कुरकुरला. "हे पुरावा म्हणून वाचायचं आहे?" मातारने मान डोलावली. त्यांनी उरलेलं वाचलं, भरभर, स्वर न लावता, एखादी घाण वस्तू चिमटीत धरून दूर न्यावी तसं.

जोबचा चेहरा त्या वेळी कसा होता, हे मातारला नंतर कधी आठवता आलं नाही, कारण त्याने पाहिलंच नाही. जोबचे हात तेवढे दिसले. नखांच्या कडांत निळा रंग होता. ते हात खुर्चीच्या दांड्यांवरून उचलले गेले आणि मांडीवर एकावर एक ठेवले गेले.

"तुम्हाला यावर काही सांगायचं आहे?" सारबाईंनी विचारलं.

"नाही," जोब म्हणाला. "यांनी लिहिलंय ते बरोबर आहे. मी तसं म्हटलं होतं."

"त्याचा अर्थ काय, ते तरी सांगा. मी लिहून घेते."

"अर्थ काय सांगायचा, बाई. अर्ज मागे घेतो मी. कुठे सही करू?"

मातार जिंकला होता. जिना उतरताना त्याने स्वतःला ते दोनदा सांगितलं. खाली फाटकापाशी जोब उभा होता, टोपी हातात घेऊन. मातारने अंग आखडलं. आता शिवी येणार, खरी शिवी, आणि ती यावी असं त्याला फार वाटलं. त्या शिवीने सगळं स्वच्छ झालं असतं, चोर तो चोर ठरला असता. जोब पुढे आला आणि त्याने हात मिळवला. "सलाम आलेकुम, न्जाय," तो म्हणाला. "घरी सगळे बरे आहेत ना? मंडळी बऱ्या आहेत? मुलं? शेजारीपाजारी? काम व्यवस्थित चाललंय?" बंदरावर उतरलेल्या कुणा परक्याची चौकशी करावी तशी त्याने एकेक चौकशी केली, एकही गाळली नाही. मातार प्रत्येकाला "कृपा आहे, कृपा आहे" म्हणत गेला. आईचं नाव आलं तेव्हा जोब किंचित थांबला. मग म्हणाला, "चांगलं आहे. येतो मी," आणि टोपी घालून उन्हात चालू लागला. त्याने खिशात हात घातला नाही, आणि या वेळी मातारला पेन चाचपून बघायचं धाडस झालं नाही.

आईला आता सांगायला हरकत नव्हती. फायली कचेरीत टाकून तो हाफ डायला गेला. अंगणात उखळ मांडलेलं होतं, शेजारी मुळ्या, डिंकाचे खडे, अत्तराच्या बाटल्या. आई पाटावर बसली होती. मारेम तिच्या मागे.

"जोब येऊन गेला," आई म्हणाली. "अर्ज मागे घेतला म्हणाला. पाणीसुद्धा प्यायला नाही. काय झालं विचारलं तर म्हणे, मातारला विचारा."

"तो बगळा चोरत होता, आई. मी थांबवला त्याला."

"कोण? जोब?" आईने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने एखादी अगदी बाळबोध चूक केली असावी. "जोब न्जायचं कसं चोरेल? मीच पाठवला होता त्याला."

मातार उभाच होता. त्याला बसावंसं वाटलं, पण कुणी बस म्हटलं नव्हतं.

"तू?"

"मी. माझ्या नावावर केला असता तर माझ्यामागे तुझ्याकडे आला असता. मारेमच्या नावाने टाकला असता तर तू हरकत घेतली असतीस; बगळा काढला जोबने, त्याला कोण अडवणार, वाटलं. जोबच्या नावावर असता तर त्याने मारेमला दिला असता. तसं ठरलं होतं आमचं. त्याने न्जायच्या घरातलं काही ठेवून घेतलं असतं तर उभी वस्ती त्याच्या तोंडावर थुंकली असती. हसत हसत, पण थुंकली असती. मुलाने घेतलं तर कोण काय बोलणार? मुलाचंच असतं ते." ती भांडत नव्हती. हिशेब समजावून सांगावा तसं सांगत होती. "तुला सांगायचं नाही अशी मीच त्याच्याकडून शपथ घेतली होती. म्हणून बोलला नसेल."

"पण माझ्याकडे आला असता तर काय बिघडलं असतं?"

"तुझा तो पाहुणा आला होता, दुबईचा. चकचकीत बुटांचा. मी त्याच्यासमोर धूप घातला. तो हुंगत होता आणि तू माझ्या बरण्यांकडे बघत होतास, कशात काय किती मिसळतं ते."

मातारला ती दुपार आठवली. पाहुण्याला गावातलं काहीतरी दाखवायचं म्हणून त्याने त्याला आणलं होतं, त्यापलीकडे त्याच्या मनात काही नव्हतं. त्याने आपलं त्या दुपारचं मन आणि आजचं मन शेजारी ठेवून पाहिलं. काही नव्हतं, असं तो आता कशावरून म्हणत होता? बरण्या त्याला आजही ओळीने आठवत होत्या, कुठली भरलेली, कुठली अर्धी. हे सगळं नावासकट विकणार का, असं पाहुण्याने जाताना विचारलं होतं, आणि आपण "बघू" म्हणालो होतो, तेही आठवलं. "मी काही केलं नसतं, आई," तो म्हणाला.

"नसतंस?" आईने विचारलं. तिला खरंच उत्तर हवं होतं. तिने वाट पाहिली. मातारला भयंकर लाज वाटली, जोबपुढे वाटली नव्हती तेवढी.

"मी उद्याच अर्ज टाकतो," तो घाईने म्हणाला. "मारेमच्या नावाने. मीच टाकतो, मला सगळं माहीत आहे, फीसुद्धा मी भरतो."

"बघू," आई म्हणाली.

मारेमने मुसळ आणून आईच्या हाताशी ठेवलं. आईने ते घेतलं नाही. तिचे हात मांडीत होते. मारेमही बसली, नजर खाली घालून. ऊन उखळाच्या काठावरून आत उतरलं होतं, डिंकाचे खडे चमकत होते, सगळं तयार होतं. मातारला वाटलं, मला काही विचारायचं असेल म्हणून थांबल्यात. त्याने रांजणातलं पाणी घेतलं, प्यायला, पेला पालथा घातला. दोघी तशाच होत्या. किती वेळ गेला कोण जाणे, आणि मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं की त्या कशासाठी थांबल्या आहेत.

"ऊठ आता, बाळा," आई म्हणाली, जरी तो उभाच होता. "जा घरी. आम्हाला मिसळायचंय."

तो निघाला. अंगण ओलांडेपर्यंत, फाटकाची कडी काढेपर्यंत, ती मागून लावेपर्यंत आत मुसळाचा आवाज झाला नाही.